फुलोऱ्याची परिभाषा

वनस्पतिशास्त्राला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार आता करता येणार नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. फुलाच्या अवयवांना नावे मिळाली. आमचा प्रश्न निराळा आहे : ही नावे विद्यार्थ्याला फुलापर्यंत नेतात काय?

निदलपुंज, दलपुंज, पुमंग व जायांग ही चार मंडलांची नावे आम्हांस समर्पक वाटतात. जायांगाच्या भागांविषयी तसे म्हणवत नाही. विश्वकोशाने तळाच्या फुगीर भागास किंजपुट, वरच्या दांड्यास किंजल आणि टोकास किंजल्क म्हटले. तिन्ही शब्दांचा आरंभ एकच. उत्तरपत्रिकेत त्यांची अदलाबदल झाली, तर दोष केवळ विद्यार्थ्याचा नव्हे. शिवाय अमरकोशात किंजल्क हा केसराचाच पर्याय आहे; तो येथे स्त्री-अवयवाच्या टोकास चिकटला. शालेय पुस्तकांनी अंडाशय, कुक्षीवृंत व कुक्षी हे शब्द पत्करले. ते उच्चारास सुलभ खरे. परंतु कुक्षी म्हणजे उदर, आणि नाव मिळाले शेंड्याला!

फुलोऱ्याच्या प्रकारांत अडचण वेगळी आहे. बेळगाव-निपाणीच्या शिवारात जोंधळ्याला कणीस येते. कन्नड शेजारी त्यालाच तेने म्हणतो. शास्त्रातले कणिश मात्र एका अक्षावर बिनदेठाची फुले असलेला फुलोरा होय. जोंधळ्याचे कणीस शाखायुक्त, म्हणून ती परिमंजरी. उसाचा तुरा आणि आंब्याचा मोहोर याही परिमंजरीच. कणीस व कणिश यांतील हा भेद पाठ्यपुस्तकाने स्पष्ट सांगितला पाहिजे. एरवी मुलाला आपलेच शब्द चुकीचे वाटू लागतात.

निपाणीचा मुलगा तर फुलोरा हाताने ओळखतो. पान जाड व्हावे म्हणून तंबाखूचा शेंडा खुडतात. बियाण्यासाठी राखलेल्या झाडावरच फुले येऊ देतात. त्या फुलात जोडलेल्या पाच पाकळ्या व पाच पुंकेसर सहज मोजता येतात. धडा तेथून सुरू व्हावा, संज्ञा मागाहून याव्यात.

संस्कृत संज्ञा टाकाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. दल आणि केसर हे शब्द तर कन्नडलाही परके नाहीत. परंतु जायांगासाठी कोश व शाळा यांनी एकच शब्दमाला ठरवावी, आणि प्रत्येक संज्ञेशेजारी शिवारातला शब्द ठेवावा. जेथे मराठी शाळेलाच आपले प्रयोजन वारंवार सिद्ध करावे लागते, त्या सीमाभागात ही उपेक्षा अधिक महाग पडते.