‘सॅम्पल स्पॉइल झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

एमएस्सीच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘सॅम्पल्स स्पॉइल झाल्यामुळे तीन रीडिंग्ज वगळली.’ माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही ते होतं. व्याकरण बरोबर, माहिती शून्य. ‘स्पॉइल’ नासलेल्या दुधालाही चालतं आणि लाडाने बिघडलेल्या मुलालाही. प्रोटीनचं काय झालं, ते त्यातून कळतच नाही.

आपण मनात ‘खराब झालं’ म्हणतो आणि पहिला आठवेल तो इंग्रजी शब्द टाकतो. पण नेमका शब्द काय घडलं तेही सांगतो. ‘कंटॅमिनेट’ म्हणजे बाहेरचं काहीतरी मिसळलं. ‘डिनेचर’ म्हणजे प्रोटीनची घडी उलगडली, पण साखळी शाबूत. उकडलेलं अंडं आठवा. ‘डिग्रेड’ म्हणजे साखळीच तुटली. मग एसडीएस-पेज जेलवर मूळ बँड फिका होतो आणि खाली छोटे तुकडे दिसतात. कॉम्प्युटरवरची फाइल बिघडली, तर ती ‘करप्ट’.

उपायही वेगवेगळे. प्रोटीएज इनहिबिटर साखळी तुटणं रोखेल, उष्णतेने घडी उलगडणं नाही. शिवाय नीट कारण न देता वगळलेलं रीडिंग म्हणजे नको असलेला आकडा गाळला, असं परीक्षकांना वाटू शकतं. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा, नक्की काय बिघडलं? कळलं नसेल, तर सरळ तसं लिहा.