व्याकरणशुद्ध, परंतु अनधिकृत

संकेतस्थळांची सुरक्षितता तपासणाऱ्या विनामूल्य, मुक्तस्रोत साधनांत २०१० साली प्रसिद्ध झालेले ‘झॅप’ अग्रगण्य होय. अर्जाच्या रकान्यात अवतरणचिन्ह घालून, भरलेल्या मजकुराची आज्ञा बनते काय, हे ते पाहते. ही परीक्षा मूलतः व्याकरणाची. परंतु पत्त्यातील क्रमांक बदलून दुसऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका मागणारी विनंती व्याकरणशुद्धच असते. उणीव अधिकार-तपासणीची असते. ‘ओवॅस्प’च्या २०२१ च्या दोषसूचीत हाच प्रकार प्रथमस्थानी आहे. अधिकार कोणाचा, हे सांगितल्यावाचून साधनास कळत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीस पाहणारा त्यास जलवेष्टित म्हणेल. ओहोटीस तेथे पायी जाता येते. म्हणून ‘दोष आढळला नाही’ या अहवालवाक्याचा ‘दोष नाही’ असा अर्थ करणे अग्राह्य होय.