तालीम : एक शब्द, दोन अर्थ आणि कुंग फूचा सिनेमा

आमच्या उर्दू शाळेत 'तालीम' म्हणजे शिक्षण. शाळेच्या फाटकाबाहेर, मराठीत, तालीम म्हणजे आखाडा. लाल माती, दंड-बैठका आणि कुस्ती. नाटकवाले आपल्या सरावालाही तालीमच म्हणतात. शब्द एकच आहे, अरबीतून आलेला, 'इल्म'च्या कुळातला. पण उर्दूत तो डोक्याकडे गेला आणि मराठीत अंगाकडे. 'उस्ताद' या शब्दाचेही असेच झाले. मराठीत तो 'वस्ताद' होऊन आखाड्यात बसला आणि पुढे बेरकी माणसालाही लोक वस्ताद म्हणू लागले. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही फारकत रोज दिसते. शिकलेला मुलगा हाताने काम करायला लाजतो आणि हातात कसब असलेला मुलगा स्वतःला अडाणी समजतो.

'कुंग फू' या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. वेळ आणि मेहनत खर्चून कमावलेले कसब म्हणजे कुंग फू. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याजवळ किंवा सुंदर अक्षर काढणाऱ्याजवळही ते असू शकते. म्हणजे आपल्या भाषांनी वेगळे केलेले तालीमचे दोन अर्थ तिकडे एकाच शब्दात नांदतात. हाँगकाँगच्या जुन्या कुंग फू चित्रपटांकडे या अंगाने पाहिले, तर ते मारधाडीचे चित्रपट राहत नाहीत. शिकण्या-शिकवण्याचे चित्रपट होतात. आपल्याकडच्या समीक्षेने त्यांना थिल्लर म्हणून बाजूला टाकले, आणि आपल्या मोहल्ल्यांतील पोरांनी त्यांच्यातली फक्त हाणामारी उचलली. दोघांच्याही हातून मधला गाभा निसटला.

बुलढाण्यात आमच्या पिढीला हे चित्रपट थिएटरात मिळाले नाहीत. ते मिळाले सीडीवर. साधारण दोन हजार सालच्या आसपास सीडी प्लेयर भाड्याने आणायचा, चार-पाच घरांनी वर्गणी काढायची आणि रात्रभर एकामागून एक सिनेमे पाहायचे, असा रिवाज होता. एक सिनेमा दोन सीड्यांवर असे. पहिलीत कथा आणि शिकणे, दुसरीत शेवटची लढत. दुकानात पोरे नुसती दुसरी सीडी मागत. पहिली लावलीच, तर रिमोट ज्याच्या हातात तो शिकण्याचा भाग पुढे पळवी. हिंदी डबिंगमुळे चिनी भिक्षू मुंबईच्या टपोरीसारखे बोलत आणि त्यावर हशा पिके. दुसऱ्या दिवशी लाकडाचे दोन दांडके सायकलच्या चेनने जोडून गल्लोगल्ली नानचाकू तयार होत. कुंग फू असो की आणखी काही, सगळ्याला आमच्याकडे एकच नाव होते, कराटे.

त्या सगळ्यांचा बादशहा अर्थातच ब्रूस ली. तो २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी वारला आणि त्याचा सर्वांत गाजलेला 'एंटर द ड्रॅगन' त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. पण आपल्या वस्तीतल्या पोराच्या काळजाला जो भिडला तो 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२). परकीयांचा वरचष्मा असलेले शांघाय. उस्तादाचा मृत्यू झालेला. शोकसभा चालू असतानाच जपानी आखाड्याची माणसे चिन्यांना आशियाचे रोगी म्हणणारी पाटी आणून देतात. पुढे एका बागेच्या दारावर पाटी दिसते : कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. दारावरचा पहारेकरी पगडीवाला हिंदी माणूस आहे. तो नायकाला अडवतो, आणि एका परदेशी बाईला मात्र कुत्र्यासह आत सोडतो. नायक ती पाटी उडवतो आणि लाथेने तिचे तुकडे करतो.

१९९२-९३ नंतरच्या वर्षांत वाढलेल्या मुस्लिम मुलाला ही पाटी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भाड्याचे घर शोधताना, नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना, अशी न लिहिलेली पाटी त्याने वाचलेली असते. म्हणून ती लाथ त्याला आपली वाटे. हे खोटे नव्हते आणि त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु चित्रपट तिथे संपत नाही. शेवटी पोलिसांच्या बंदुका रोखलेल्या असतात, नायक त्यांच्यावर झेप घेतो आणि हवेतच चित्र गोठते; फक्त गोळ्यांचा आवाज येतो. पोरे या क्षणी टाळ्या वाजवत. दिग्दर्शक लो वेई यांनी झेप गोठवली, त्यामुळे पडणारे प्रेत दिसले नाही. अपमानाचा राग खरा आहे, पण हुनर घेऊनही नुसता राग शेवटी बंदुकीपुढे जाऊन उभा राहतो, हेच तो प्रसंग सांगतो. टाळ्यांच्या आवाजात ते ऐकू आले नाही.

त्याच रागाला वेगळे उत्तर देणारा चित्रपट सहा वर्षांनी आला, 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८). निर्मिती शॉ ब्रदर्सची, दिग्दर्शक लाऊ कार-लुंग, नायक गॉर्डन लिऊ. मी तो पुढे बी.एड.च्या वर्षी, एका दोस्ताच्या कॉम्प्युटरवर, काही न पळवता सलग पाहिला. सुरुवात ओळखीचीच आहे. मांचू राज्यकर्त्यांच्या जुलमात एका विद्यार्थ्याचे घरदार आणि गुरुजन मारले जातात. तो जखमी अवस्थेत शाओलिन मठात पोहोचतो. मनात एकच इच्छा : लढायला शिकायचे आणि बदला घ्यायचा. मठात त्याला सान ते हे नाव मिळते. पण तिथे लगेच कोणी काही शिकवत नाही. वर्षभर तो झाडलोटच करीत राहतो.

मग कळते की मठात शिक्षणाची ३५ दालने आहेत. घाई झालेला सान ते सर्वांत वरच्या दालनात जाऊ पाहतो. तिथे वृद्ध भिक्षू ग्रंथपठण करीत बसलेले. त्याला त्यातले काही उमगत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. सुरुवात खालून करावी लागते. जेवणघराच्या वाटेवर पाणी आहे आणि पाण्यात लाकडांचा तरंगता भारा. त्यावर पाय टेकून पलीकडे जायचे. तो पडतो, भिजतो, पुन्हा प्रयत्न करतो. पुढच्या दालनात हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या. दंडाला पाती बांधलेली. हात खाली आला की ती बरगडीत घुसणार. मग लांब दांड्याच्या टोकाचे वजन मनगटाच्या जोरावर उचलून घंटा वाजवायची. मग टांगलेल्या वाळूच्या पोत्यांवर डोके आपटत पुढे जायचे. चित्रपटाचा मधला मोठा भाग याच गोष्टींनी भरलेला आहे.

आपला हिंदी सिनेमा नायकाची मेहनत एका गाण्यात उरकतो. पहिल्या कडव्यात धापा टाकणारा नायक शेवटच्या कडव्यात पहिलवान होतो. लाऊ कार-लुंग प्रेक्षकाला तशी सवलत देत नाही. कंटाळा, वेदना, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि एके दिवशी हात आपोआप स्थिर. ज्याने पहिलीच्या मुलाला अलिफ-बे गिरवायला शिकवले आहे, त्याला हे दृश्य ओळखता येते. महिनोन्महिने काही घडत नाही असे वाटते आणि मग एका सकाळी मूल स्वतःहून पाटीवर शब्द जोडते. अध्ययनाच्या सिद्धान्तांवर आम्ही बी.एड.ला पानेच्या पाने उत्तरे लिहिली. शिकण्याला लागणारा वेळ इतका स्पष्ट मी एकाही पुस्तकात पाहिला नाही.

यानंतर येते परीक्षा. दोन तलवारी चालवणाऱ्या भिक्षूपुढे सान ते पुन्हा पुन्हा हरतो. जुनी शस्त्रे त्याला जिंकून देत नाहीत. तेव्हा तो बांबूच्या बनात सराव करता करता तीन तुकड्यांची काठी शोधून काढतो आणि जिंकतो. चांगला शागीर्द उस्तादाचे शिक्षण पूर्ण पचवतो आणि मगच त्यात आपली भर घालतो, एवढाच याचा अर्थ. आता त्याला ३५ पैकी कुठल्याही दालनाचा प्रमुख होण्याची मुभा मिळते. तो म्हणतो, मला छत्तिसावे दालन हवे. मठाच्या बाहेर, साध्या लोकांना शिकवण्यासाठी. चित्रपटाचे नाव या मागणीवरून आले आहे. बदला घ्यायला आलेला माणूस शेवटी शिक्षक व्हायला मागतो. मठ वरकरणी त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढतो आणि तीच त्याची वाट मोकळी होते. पुढे बदला घेतलाही जातो, कारण तेव्हाच्या प्रेक्षकाला तो हवा होता. पण अखेरचे दृश्य सूडाचे नाही, शिकवण्याचे आहे.

दिग्दर्शकाला हे सुचले यात नवल नाही. लाऊ कार-लुंग यांचे वडील लाऊ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम साई-विंग हे प्रसिद्ध वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. नायक गॉर्डन लिऊ हा लाऊ चाम यांचाच शिष्य आणि मानलेला मुलगा. आपल्याकडे सूफी आणि गवय्ये ज्याला सिलसिला म्हणतात, तोच हा. गुरू-शिष्याची गोष्ट सांगणारी माणसे स्वतः त्या साखळीच्या कड्या होती. योगायोग असा की त्याच वाँग फेई-हुंगला नायक करून त्याच वर्षी, १९७८ मध्ये, जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' आला. तिथे तो उनाड पोरगा आहे. उस्ताद त्याला उलटा टांगून, खालच्या बादलीतले पाणी लहानशा पेल्याने वरच्या बादलीत भरायला लावतो. पोरगा पळून जातो, बाहेर बेदम मार खातो आणि आपण होऊन परत येतो. दिग्दर्शक युएन वू-पिंग यांनी ही भूमिका आपल्या वडिलांना दिली होती. उस्ताद-शागीर्दाचे नाते इथे हसतखेळत आले आहे, पण सांगणे तेच.

या चित्रपटांची भलामण करताना त्यांची खोट झाकू नये. त्यांच्यात उस्तादाच्या हाती छडी आहे आणि छडीचे गौरवीकरणही आहे. जॅकी चॅनने बालपणी ज्या ऑपेरा शाळेत दहा वर्षे काढली तिथली शिस्त किती क्रूर होती, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली, ती योग्यच. मेहनत आणि मारहाण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या सिनेमांना नेहमी कळले असे नाही. दुसरी खोट याहून मोठी : त्या ३५ दालनांत एकही मुलगी नाही. आमच्या शाळेत पाठ होईपर्यंत उठणार नाही अशा हट्टाने बसणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. सातवी-आठवीनंतर गॅरेजात, फळांच्या गाड्यावर निघून जातात ते मुलगे. किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) मध्ये चेंग पेई-पेई तलवार घेऊन नायिका म्हणून उभी राहिली होती. तरी आमच्या गल्लीत पोचलेल्या सीड्यांत ती नव्हती, आणि सीडी आणणाऱ्यांनी तिचा शोधही घेतला नाही.

पण छत्तिसावे दालन फक्त पडद्यावरच उघडले असे समजू नये. आपल्या मालेगावात ते खरोखर उघडले. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. देशोदेशीचे सिनेमे पाहता पाहता आणि दाखवता दाखवता सिनेमा कसा बनतो हे ते शिकले. कुठली फिल्म इन्स्टिट्यूट नाही, की हाताशी पैसा नाही. २००० मध्ये त्यांनी गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉलीचे काम भागवले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाने ही मेहनत जगाला दाखवली. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरांत आला. लोकांना त्यात गंमत दिसली, आणि गंमत आहेच. पण पाहणाऱ्याने करून बघायला सुरुवात केली, हातातल्या साधनाला नवे रूप दिले आणि चार माणसांना बरोबर शिकवले, हे सगळे सान तेनेच केले होते.

आपल्या विदर्भातच १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या कल्पनेतून, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हातकामातून शिक्षणाचा आराखडा मांडला. त्या योजनेचे नाव 'नई तालीम'. हात आणि डोके यांची फारकत मिटवण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यासाठी शब्द निवडला गेला तो आपलाच. योजना पुढे मागे पडली. शब्द मात्र दोन अर्थांत फाटलेला तसाच राहिला.

आज आमच्या वर्गातल्या मुलांना सीडी ठाऊक नाही. मोबाइलवर तीस सेकंदांत लाथ दिसते, उडी दिसते. ती लाथ बसवायला लागलेली दहा वर्षे दिसत नाहीत. पूर्वी रिमोट मोठ्या पोराच्या हाती असे, आता मधला भाग कापूनच माल येतो. अपमानाच्या पाट्या मात्र कमी झालेल्या नाहीत आणि त्या वाचून रक्त तापणारी पोरेही आहेत. त्यांना 'शांत राहा' एवढे सांगून भागणार नाही. ज्यांच्या घरी जुने सिनेमे पाहिले जातात, त्यांनी एकदा मुला-मुलींना सोबत बसवून सान तेची गोष्ट दाखवावी आणि मधला भाग पळवू नये. पाण्याच्या बादल्या वाहणारा तो पोरगा रोज काय कमावत होता, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. उत्तर उर्दूत आले काय किंवा मराठीत आले काय, शब्द एकच येईल.