वर्गणीदार कोण? स्वतःच्या जागेतलं लेखन आणि खानदेशचा अनुभव



आजचा विषय आमच्या नेहमीच्या विषयांपेक्षा बाजाराच्या जरा जवळचा आहे. लेखनाची स्वतःची जागा उभी करणं, ती चालवणं, सुधारत नेणं आणि तिच्यातून चार पैसे मिळवणं, हा तो विषय. ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांमध्ये लिहिणारे पुष्कळ आहेत. कुणी अहिराणी म्हणी गोळा करतो, कुणी केळीवरच्या रोगांविषयी लिहितो, कुणी निवृत्तीनंतर आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतलाय. आता या लोकांना शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ काही कमी नाहीत. त्या सगळ्यांचं सार एका वाक्यात येतं: स्वतःची साइट काढा, वाचक वाढवा, पैसा आपोआप येईल.

या वाक्याची आज आपण तपासणी करू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यातला 'आपोआप' हा शब्द आधी टोचतो. पैसा आपोआप येत नाही. तो कुणीतरी देतो, आणि कशासाठी तरी देतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की लेखनाचं भवितव्य बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवर ठरतं. वाचक किती आहेत हा प्रश्न त्यानंतरचा.

पण आधी 'स्वतःची जागा' म्हणजे काय ते पाहू.

२९ जून २०२० या दिवशी केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. निर्णय योग्य की अयोग्य, हा आजचा मुद्दा नाही. पण खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी तिथं मेहनतीनं प्रेक्षक जमवले होते, आपल्या भागातल्याही. एका रात्रीत प्रेक्षक गेले. ऑर्कुटही २०१४ मध्ये असंच बंद झालं. दुसऱ्याच्या रानात बटाईनं पेरलं की पीक अर्धं आपलं असतं, पण बांध आपला नसतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणून लोक म्हणतात, स्वतःचं नाव नोंदवा, स्वतःच्या पैशानं सर्व्हरवर जागा घ्या. सल्ला बरोबर आहे. फक्त त्याला मालकी म्हणताना सावध राहू. नोंदवलेलं नाव हेही भाड्याचंच असतं. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी मिळतं, आणि नूतनीकरण चुकलं तर ते दुसरा घेऊ शकतो. मग आपलं असं काय? सगळं लेखन, सगळी चित्रं, वाचकांचे पत्ते उचलून दुसरीकडे जाता येणं, एवढं आपलं. बिऱ्हाड हलवता येण्याचा हक्क म्हणजे इथली मालकी. हा हक्क मौल्यवान आहे, पण त्यानं पोट भरत नाही. आणि वाक्याचा दुसरा भाग इथूनच सुरू होतो.

आता आपल्याच भागातली उदाहरणं घेऊ. संगणक नव्हता तेव्हाही माणसं स्वतःची जागा काढून लेखन चालवतच होती. तिला तेव्हा मासिक किंवा साप्ताहिक म्हणत.

पहिलं उदाहरण जळगावचं. १८८७ मध्ये नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावात 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केलं. ते फक्त कवितेला वाहिलेलं होतं. जरा कल्पना करा. जळगाव तेव्हा जिल्ह्याचं मुख्य ठाणंही नव्हतं. खानदेश जिल्ह्याचं ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले ते १९०६ मध्ये. जळगावकडे रेल्वे होती, त्यामुळे टपाल होतं. मासिक चालायला ही सोय फार मोठी. ते मासिक १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक चाललं. केशवसुत, धुळ्याचे विनायक, धरणगावचे बालकवी यांच्यासारख्यांच्या कविता त्यात आल्या. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं आणि त्याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली.

यातलं मर्म काय? कवितेच्या मासिकाला बाजारभाव छापायचे नसतात, कोर्टाच्या नोटिसा छापायच्या नसतात. त्याला आधार वर्गणीदाराचा आणि संपादकाच्या चिकाटीचा. वर्गणीदार पैसे आधी देतो आणि अंक नंतर वाचतो. म्हणजे त्याचा पैसा एखाद्या कवितेच्या मथळ्यासाठी नसतो, संपादकाच्या निवडीवरच्या विश्वासासाठी असतो. अशा वाचकासमोर संपादकाला अनोळखी कवी छापण्याची मुभा मिळते. सतरा वर्षांचा मुलगा छापला म्हणून त्या महिन्यापुरती कमाई घटत नाही. वर्गणीचं हे बळ आजच्या सल्लागारांच्या ध्यानात येत नाही.

दुसरं उदाहरण अमळनेरचं. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीमालकाचा पैसा तत्त्वचिंतनाला लागला, ही आमच्या विषयातल्या लोकांना आजही नवल वाटावी अशी गोष्ट. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत १९३० च्या दशकात तिथं संचालक होता. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघत असे आणि घ. र. मलकानींनी त्याचं संपादन दीर्घकाळ केलं. बाजाराचा वारा त्याला लागला नाही.

पण समीक्षा करायची तर दुसरी बाजूही सांगायला हवी. आश्रयदात्याचा ओढा वेदान्ताकडे, विशेषतः अद्वैताकडे होता आणि संस्थेच्या कामाचा कल त्याच बाजूला राहिला. देणाऱ्यानं लेखकाचा हात धरला नाही, पण मांडव कुठं घालायचा ते ठरवलं. आणि त्या त्रैमासिकाची भाषा इंग्रजी. बंगालातल्या प्राध्यापकाला ते वाचता येई, अमळनेरच्या पेठेतल्या माणसाला नाही. आम्ही याला दोष म्हणत नाही. आश्रयाची ती किंमत आहे आणि ती ठाऊक असावी. आज ज्याला प्रायोजक म्हणतात त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यानं हे उदाहरण मनात ठेवावं.

तिसरं उदाहरण साने गुरुजींचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. रोज लिहायचं, मुलांनी वाचायचं. पुढे 'विद्यार्थी' मासिक, मग १९३८ मध्ये अमळनेरहूनच 'काँग्रेस' साप्ताहिक, १९४८ मध्ये मुंबईत 'कर्तव्य' हे सायंदैनिक आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक. एवढी पत्रं एका माणसानं काढली आणि त्यातली बहुतेक थोडाच काळ चालली.

गुरुजींविषयी बोलताना आपला गळा दाटून येतो, आणि त्यामुळे हिशेब राहून जातो. पदरमोड हा सद्गुण आहे, ती व्यवस्था नव्हे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचं पीठ एक दिवस संपतं. 'साधना' आज पंचाहत्तर वर्षं ओलांडून चालू आहे, कारण गुरुजींच्या पश्चात इतरांनी ती सांभाळली. तिच्यामागे विश्वस्त उभे राहिले, संपादक बदलत गेले, वर्गणीदार टिकले. त्याच संस्थेनं पुढे 'कर्तव्य साधना' या नावाचं डिजिटल पोर्टल काढलं. गुरुजींच्या दोन पत्रांची नावं त्यात एकत्र आली आहेत. एकट्याची जागा अनेकांची झाली की ती माध्यमही बदलू शकते.

चौथं उदाहरण धुळ्याचं. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तरुणपणी 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं मराठी रूप त्यांनी केलं ते त्याच काळात. मासिक काही वर्षांतच थांबलं. माणूस थांबला नाही. गावोगाव हिंडून दप्तरं जमवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचं धुळ्यात निधन झालं. मागे काय राहिलं? कागदांची दप्तरं. ती रद्दीत गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं, दप्तरं राखली आणि पुढे 'संशोधक' हे त्रैमासिक चालवलं.

इथं आम्हाला त्या शिकवणुकीतली सर्वांत मोठी उणीव दिसते. ती लेखकाच्या पश्चात काय, हा प्रश्नच विचारत नाही. साइटचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात. तो गेला, की पुढच्या नूतनीकरणाला पैसे भरायला कुणी नाही, आणि वर्षभरात वीस वर्षांचं लेखन नाहीसं. कागदाला निदान वाळवी लागायला वेळ लागतो. अहिराणी म्हणी गोळा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार गंभीर आहे, कारण त्याच्या साइटवरची म्हण सांगणारी आजी आता कदाचित हयात नसेल.

आता पुन्हा आजच्या पैशाकडे येऊ. साइटवर कमाईचा रूढ मार्ग म्हणजे गूगलच्या जाहिराती. हिंदी मजकुराला ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तिची रीत अशी: पानावर माणूस आला, जाहिरात दिसली किंवा दाबली, की काही पैसे. मराठी वाचकापोटी मिळणारा दर इंग्रजीच्या मानानं कमी असतो, म्हणून माणसं खूप आणावी लागतात. खूप माणसं काय शोधतात? सरकारी योजना, नोकरभरती, राशिभविष्य, आजचा कापसाचा भाव. मग म्हणी गोळा करणारा माणूस हळूहळू भरतीच्या जाहिराती लिहू लागतो. त्याला कुणी जबरदस्ती केलेली नसते. पैसा देणारा वाचक नसून जाहिरातदार आहे, आणि जाहिरातदाराला म्हणीशी नाही, गर्दीशी कर्तव्य आहे, एवढंच घडलेलं असतं.

कापसाचा भाव सांगणं हलकं काम आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला तेच काम करायचं आहे त्याला हा मार्ग योग्य आहे. आमचा आक्षेप एका गोष्टीसाठी निघून दुसरीकडेच पोचण्याला आहे.

मग 'सुधारणा' कशाला म्हणावी? रंग बदलणं, मथळा चटकदार करणं, याला आम्ही सुधारणा म्हणत नाही. जुन्या लेखातली चूक दुरुस्त करून तारीख टाकणं, ही सुधारणा. म्हण कुठल्या गावी ऐकली ते लिहिणं, लेख मोबाइलवर झटकन उघडेल असं करणं, विषयवार सूची देणं, दर महिन्याला सगळ्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणं, या सुधारणा. वर्गणीदाराला त्या कळतात. गर्दीला त्यांचं काही नसतं.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वर्गणी लावली तर गरीब विद्यार्थ्यानं वाचायचं नाही का? याला उत्तर आपल्या गावातच आहे. सप्ताहाच्या शेवटी भंडारा होतो. गहू देणारे ठरावीक असतात, पंगतीला सगळं गाव असतं, आणि पत्रावळ वाढताना कुणी पावती विचारत नाही. लेखन सर्वांना खुलं ठेवावं आणि ज्यांना ते टिकावं असं वाटतं त्यांच्याकडून वर्गणी घ्यावी. हिशेब सोपा आहे. शंभर माणसांनी वर्षाला तीनशे रुपये दिले तर तीस हजार होतात. साध्या लेखनाची साइट चालवायला वर्षाला काही हजार लागतात. उरलेल्यात प्रवास होतो, एखाद्या पोराला टंकलेखनाचे पैसे देता येतात, मानधनाचीही सुरुवात होते. घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. नोकरी सोडून या कामात उडी घ्या, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शंभर माणसं कुठून आणायची, असं कुणी विचारेल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. तिथं ना छापखाना होता, ना वर्गणीदार. ऐकणारे कैदी होते आणि लिहून घेणारे साने गुरुजी होते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून उभा राहिला आणि अनेक भाषांत गेला. आधी ऐकणारी माणसं होती, पुस्तक नंतर आलं. आपणही ज्यांच्यासाठी लिहितो त्यांतली दहा माणसं नावानं ओळखत असू, तर शंभरांकडे जाण्याची वाट सापडते. दहाही नावं सांगता येत नसतील, तर साइट काढण्याआधी ती माणसं शोधावीत.

तेव्हा लिहिणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे. नाव नोंदवण्याआधी एका कागदावर तीन उत्तरं लिहा. हे लेखन उद्या दुसरीकडे नेता येईल का? याचा खर्च कोण देणार आणि त्याला बदल्यात काय हवंय? आपल्यानंतर किल्ल्या कुणाकडे असतील? तिसऱ्या उत्तराच्या जागी एखाद्या माणसाचं किंवा गावातल्या वाचनालयाचं नाव येत नाही तोवर तो कागद घडी घालून ठेवू नका.

इथं थांबतो. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरं घेऊ.