उरलेल्या जंतूंचा हिशेब

मध्यंतरी चाळीसगावच्या एका शिक्षकमित्रांनी आमच्यापुढे एक माहितीपत्रक ठेवले. कृत्रिम दात बसवण्यासाठी जबड्यात टायटॅनियमचा जो स्क्रू घालतात, त्या इम्प्लान्टवर जंतूंचा थर साचला की लावायच्या जंतुनाशक जेलचे ते पत्रक होते. ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हे शब्द त्यावर ठळक होते. हे खरे मानावे का, असा त्यांचा प्रश्न. आकडा खरा असू शकतो. पण त्यावरून इम्प्लान्ट स्वच्छ झाला असे म्हणता येत नाही.

असे आकडे बहुधा द्रवात सुट्या तरंगणाऱ्या जीवाणूंवरच्या चाचण्यांतून येतात. इम्प्लान्टवरचे जीवाणू सुटे नसतात. स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात ते थर करून राहतात. या थराला जैवपटल म्हणतात. त्यातले जीवाणू मारायला कित्येक पट, कधी शेकडो पट तीव्र औषध लागते. लेवेनहूक यांना १६८०च्या दशकातच दिसले होते, की व्हिनेगरने दातावरच्या किटणातले बाहेरचे जीव मरतात, आतले जगतात.

दुसरा मुद्दा पृष्ठभागाचा. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांना १९५०च्या दशकात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लान्ट बसवला. हाडाची पकड बळकट व्हावी म्हणून पुढे पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केले गेले. हाड झिजून हा भाग उघडा पडला, की त्याच खाचाखोचांत जंतूंना आसरा मिळतो. जेल ओघळून न जाता तेथे टिकते, हा तिचा गुण मान्य करायला हवा. पण मेलेला थर तसाच राहिला, तर नव्या जंतूंना आयती बैठक मिळते. शिवाय क्लोरहेक्सिडीनसारखी औषधे टायटॅनियमला चिकटून राहतात आणि हाडाच्या पेशींनाही अपाय करू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणूनच उपचाराचा पाया आजही थर खरवडून काढणे हाच आहे.

राहिला हिशेब. एक कोटी जीवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले, तरी दहा हजार उरतात. ते दहा वेळा दुप्पट झाले, की पुन्हा कोटीचा आकडा गाठतात. पाटणादेवीजवळ १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या तालुक्यातल्या विद्यार्थ्यांनी टक्केवारी पाहताच बाकी विचारावी, ही अपेक्षा जास्त नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. गुळगुळीत चमचा आणि आटे असलेला स्क्रू, दोन्हींना भिजवलेले बेसन फासून रात्रभर वाळू द्यावे. सकाळी दोन्हींवर सारखेच पाणी ओतावे, मग ब्रशने घासावे. बेसन कोठे उरते, ते विद्यार्थ्यांनीच सांगावे.

मग पत्रक हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत: चाचणी सुट्या जंतूंवर की जैवपटलावर? काचेवर की खरबरीत टायटॅनियमवर? आणि रुग्णाच्या हाडाचे पुढे काय झाले? तिसऱ्याचे उत्तर पत्रकात नसेल, तर ठळक आकड्याला फारशी किंमत देऊ नये.