मांडव आफ्रिकेचा, भाषा कोणाची?

नायजेरियात २०१३ साली लोला शोनेयिन या कादंबरीलेखिकेने एक साहित्योत्सव सुरू केला. नाव ठेवले ‘आके’. आके म्हणजे अबेओकुटा शहरातला एक भाग. वोले शोयिंका यांचे बालपण तिथे गेले आणि आपल्या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकालाही (१९८१) त्यांनी तेच नाव दिले. आफ्रिकी लेखकांनी आफ्रिकेतच, आपल्या वाचकांपुढे बसून बोलावे, ही कल्पना कुणालाही मोह घालील अशीच आहे. २०१८ मध्ये हा उत्सव लागोसला गेला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. तथापि त्याचा बराचसा व्यवहार इंग्रजीतून चालतो, आणि इथे एक जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते.

ते दुखणे १९६२ चे. त्या वर्षी जूनमध्ये युगांडातील कंपाला येथे, मकेरेरे कॉलेजात, आफ्रिकी लेखकांचा मेळावा भरला. अचेबे होते, शोयिंका होते. न्गुगी वा थियोंगो तेव्हा तिथलेच विद्यार्थी; आपले हस्तलिखित अचेबे यांनी नजरेखालून घालावे या धडपडीत ते होते. पण मेळावा इंग्रजीतून लिहिणाऱ्यांचा! म्हणजे स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट आणि योरुबाचे कादंबरीकार फागुन्वा यांना तिथे जागाच नव्हती. मांडव घरचा, आणि घरचीच वडीलधारी माणसे बाहेर.

अचेबे यांचे म्हणणे उथळ नव्हते. नायजेरियात भाषा शेकडो; एकमेकांशी बोलायचे तर हाताशी इंग्रजीच. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) मध्ये त्यांनी ती अशी वाकविली, इग्बो म्हणींनी अशी भरली, की ती परकी वाटत नाही. न्गुगींना मात्र हे पुढे पटेनासे झाले. १९७७ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह गिकुयु भाषेत नाटक लिहिले, खेड्यातल्या शेतकऱ्या-मजुरांनी ते उभे केले, आणि वर्षअखेर केनियाच्या सरकारने न्गुगींना तुरुंगात टाकले. त्याच वर्षी त्यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी निघाली होती. तीही काही मवाळ नव्हती. पण तिच्यासाठी कुणी त्यांना पकडायला आले नव्हते! आमच्या मते न्गुगींची बाजू इथे जड होते. कोठडीत त्यांनी शौचकूपाच्या कागदावर कादंबरी लिहिली, तीही गिकुयुत.

आणि फागुन्वा? त्यांच्या १९३८ च्या योरुबा कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते केले खुद्द शोयिंकांनी. पण फागुन्वा १९६३ मध्येच वारले होते.