पैनगंगेच्या अलीकडची खंजिरी

स्वतःच पद रचावे, त्यास चाल स्वतःच लावावी, आणि हाती वाद्य घेऊन ते लोकांपुढे स्वतःच गावे, कोणा दरबाराचा, नाटकमंडळीचा वा ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीचा आश्रय न घेता, अशा कलावंताची परीक्षा करताना टीकाकाराची नेहमी पंचाईत होते. कवी म्हणून पाहावे तर कागदावरचे शब्द उणे वाटतात. गायक म्हणून पाहावे तर घराण्याचा ठसा कोठे सापडत नाही. फिलिपिन्समधील फ्रेडी आगिलार ह्याचे ‘आनाक’ हे गीत १९७८ मध्ये मनिला नगरीतून निघून देशोदेशींच्या भाषांत गेले. ते आमच्या ऐकण्यात आले तेव्हा हीच अडचण आम्हांस जाणवली होती. परंतु तितक्या दूर जाण्याचे कारण नाही. आम्हां आदिलाबादकरांच्या उंबरठ्यावर, पैनगंगेपलीकडील वऱ्हाडांत, ह्या जातीचा एक थोर गायककवी होऊन गेला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या संतपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या गाण्याविषयी मात्र गाणे म्हणून फारच थोडे.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक बंडोजी इंगळे ह्यांचा जन्म झाला. शाळा थोडी, भजनाचा नाद फार. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. पोरगा तुकोबांचे अभंग गाई; तेव्हा ‘तुका म्हणे’ किती दिवस म्हणशील, ‘तुकड्या म्हणे’ असे म्हण, असे गुरूंनी सुचविले, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, वाङ्मयदृष्ट्या मोठी मार्मिक आहे. दुसऱ्याची पदे गाणाऱ्यास ‘आता तुझे गा’ असे सांगणे हीच कवीची खरी दीक्षा होय. आणि मिळालेली मुद्रा तरी कशी? तुकोबांचा आधार घेणारी, आणि त्याच श्वासात आपण केवळ एक तुकडा आहोत अशी कबुली देणारी!

सालबर्डी, रामटेक, रामदिघी येथील रानांतून हिंडण्याच्या काळातील त्यांची पदे एकाकी साधकाची आहेत. त्यांत आर्तता आहे, पण ती परंपरेने तयार करून ठेवलेल्या साच्यातली. त्यांचा स्वतःचा आवाज आम्हांस ऐकू येतो तो पुढे, गाव हा त्यांच्या पदांचा विषय झाला तेव्हा. १९३५ च्या सुमारास मोझरीस गुरुकुंज उभा राहिला. १९३६ मध्ये सेवाग्रामी गांधीजींच्या सहवासात काही काळ गेला. आणि त्यानंतरच्या पदांत झाडू, विहीर, व्यसन, कर्ज, अस्पृश्यता हे शब्द विठ्ठलाच्या शेजारी निःसंकोच येऊन बसले. शुद्ध रसवादी ह्यावर नाक मुरडतील. आमच्या मते मराठी भजनाची कक्षा येथेच रुंदावली. १९४२ साली चिमूर आणि आष्टी पेटली, त्या उठावाशी सरकारने ह्याच खंजिरीचा संबंध जोडला. ऑगस्टअखेर चंद्रपुरास त्यांना अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांस ठेवण्यात आले. गीतरचनेसाठी कवीस इतकी रोख पावती क्वचितच मिळते.

आता त्या खंजिरीविषयी. गोव्याकडील आमच्या वाचकांनी देवळातील आरती घुमटाशिवाय कशी वाटेल ह्याची कल्पना करावी, म्हणजे आम्हांस काय म्हणावयाचे आहे ते ध्यानी येईल. तुकडोजींची पदे खंजिरीच्या ठेक्यावर बेतलेली आहेत. ओळ आखूड, यमक ठसठशीत, धृपद पुन्हा पुन्हा येणारे. वाचताना जी पुनरुक्ती कंटाळवाणी भासते, तीच थापेसह ऐकताना चढत जाते. त्यांची पदे छापील पुस्तकात वाचून त्यांस सामान्य ठरविणाऱ्यांनी पखवाजाचे बोल कागदावर वाचून पखवाजाची परीक्षा केली असे म्हणावे लागेल. उलट १९५५ ची ग्रामगीता आम्ही आदराने वाचतो. परंतु एकेचाळीस अध्यायांच्या त्या विशाल ओवीग्रंथात पुष्कळ ठिकाणी ओवी नुसती उपदेशाची वाहक होते, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे ठेका सुटतो तेथे त्यांचा कवीही थोडा सुटतो. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते गेले, आणि भाषा न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढेही त्यांनी खंजिरी वाजवून भजन म्हटले. त्या सभेत शब्दांपेक्षा ठेकाच पोचला असणार.

हिंदी पदांचा प्रश्न निराळा. शब्दकळेच्या दृष्टीने ती मराठीइतकी कसदार नाहीत असे आमचे मत आहे. पण आमच्या जिल्ह्यास त्यांचे मोल अधिक. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात राहिले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. मराठी भजन कळणारे घर आणि न कळणारे घर येथे एकाच भिंतीला टेकून असते. ती भिंत ओलांडण्यास ही मोडकीतोडकी म्हणून हिणविली गेलेली हिंदीच उपयोगी पडली.

आमची खरी तक्रार आजच्या गायनाविषयी आहे. सप्ताहात, उत्सवात, ध्वनिवर्धकावर तुकडोजींची पदे आम्ही वारंवार ऐकतो. खंजिरी बहुधा नसते. तिच्या जागी यंत्रातला ठेका आणि चालू चित्रपटातील चाल असते. ह्याहून गंभीर गोष्ट ही की, पदांची निवड होते ती सोयीची. भावाविना देवापुढे उभ्या राहणाऱ्या भक्ताची ज्यांत थट्टा आहे ती पदे देवळात मोठ्या गजरात म्हटली जातात, पण कोणाच्या चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. आणि जातिभेद, हुंडा, उधळपट्टीचे समारंभ ह्यांवर ज्यांत उघड प्रहार आहे ती तर पुस्तकातच राहतात. ज्या गृहस्थांच्या देणगीवर उत्सव चालतो त्यांच्या घरचे लग्न महिन्यापूर्वीच झालेले असते, हे बुवांस ठाऊक असते! ज्याने आपल्या सामुदायिक प्रार्थनेपुढे मूर्तीऐवजी रिकामे आसन ठेवले, त्या कवीची पदे निरुपद्रवी करून गाणे ही त्याची सेवा नव्हे. आम्ही देवळात जाणारे लोक आहोत, म्हणूनच हे आम्हांस अधिक बोचते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस महाराजांनी देह ठेवला. ज्यांनी त्यांना समोर बसून गाताना ऐकले अशी माणसे आता वयाच्या सत्तरीपुढेच सापडतील. प्रत्येक पदाचा मूळ ठेका, थाप कोठे पडत असे, धृपद कितीदा फिरे, कोणत्या शब्दावर आवाज चढे, हे त्यांच्याकडून ऐकून टिपून ठेवण्याचे काम एखाद्या मंडळाने हाती घ्यावे. पदे छापलेली आहेत. चाली छापलेल्या नाहीत, आणि पैनगंगेच्या ह्या तीरावरील गावांतून त्या कोणत्या वळणाने गायिल्या गेल्या ह्याची तर कोणी चौकशीही केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.